वय वाढलं म्हणून रक्तदाबाला सूट नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वीच्या आपल्या आरोग्य पुरवणीत 'वयानुसार योग्य रक्तदाब' अशा मथळ्याचा एक तक्ता आला होता. विशीपासून ऐंशीपर्यंत दर दहा वर्षांना एक ओळ, आणि ओळीगणिक आकडा चढता. साठीसमोर १५०/९०, सत्तरीसमोर १६०/९०, ऐंशीसमोर १७०/९०. तक्ता नीटनेटका होता, अक्षर मोठं होतं, कापून ठेवावा असा होता. लोकांनी तो कापून ठेवलाही आहे, म्हणूनच हे लांबलचक पत्र लिहायला बसले. तो तक्ता चुकीचा आहे. एखाददुसरा आकडा नव्हे, त्यामागची समजूतच चुकीची आहे.

मी छत्तीस वर्षं परिचारिका होते. मुलांचा वॉर्ड, प्रसूतिकक्ष, मग बरीच वर्षं मेडिसिनची ओपीडी आणि शेवटची नऊ वर्षं वृद्धांचा विभाग. रोज पट्टा बांधायचा, हवा भरायची, कान लावायचा, केस पेपरवर दोन आकडे लिहायचे, हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा वरचा आणि ते सैल पडतं तेव्हाचा खालचा. निवृत्तीनंतरही शेजारपाजारचे लोक बीपी बघायला येतात, आणि मी बघते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या माई आल्या. वय ७३. त्यांचा रक्तदाब १५८/७४ निघाला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "म्हणजे माझा बरोबर आहे. सत्तरीला एकशे साठ चालतो, पेपरात आलंय." तो तक्ता त्यांनी फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला आहे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तो वाचल्यापासून त्यांनी गोळी बंद केली होती. नऊ दिवस झाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण या धाटणीचं गणित मी ओळखते. 'शंभर अधिक वय' असं आम्ही त्याला म्हणायचो. माझी नोकरी लागून दुसरंच वर्ष असेल, माझे वडील, अण्णा, ६४ वर्षांचे होते. घरी आले असताना मीच त्यांचा रक्तदाब घेतला होता, १६६/९२. मी घाबरले आणि त्यांना एका अनुभवी डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "वय चौसष्ट ना? शंभर अधिक चौसष्ट. दोन पॉइंट इकडेतिकडे. काही काळजी नको." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. अण्णांचंही उतरलं. त्यानंतर अकरा महिन्यांनी एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुढे सहा वर्षं ते होते. एकच शब्द परत आला, 'हो'. भूक लागली की हो, नको असलं तरी हो, दुखत असलं तरी हो. आई त्यांच्या डोळ्यांकडे बघून हो म्हणजे कोणतं हो ते ओळखायची.

एका आकड्यावरून कुणाला पक्षाघात होईल की नाही ते सांगता येत नाही, हे मला ठाऊक आहे. गोळी चालू असती तर अण्णा नक्की वाचले असते, असंही मी म्हणणार नाही. पण तो आकडा त्यांच्या वयाला 'योग्य' होता, हे जे आम्हाला सांगितलं गेलं ते खरं नव्हतं.

ही समजूत आली कुठून? वय वाढतं तसा बहुतेकांचा रक्तदाब वाढतो, हे पूर्वीच्या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हजार म्हाताऱ्या माणसांचा दाब मोजला तर सरासरी खरोखरच वर भरते. चूक पुढची होती. जे बहुतेकांना होतं तेच निरोगी, असं धरलं गेलं. बहुतेकांना साठीत मोतीबिंदू होतो म्हणून धूसर दिसणं हे साठीचं 'योग्य' दिसणं ठरत नाही. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र आपण अजून तेच करतो.

वाढता दाब हा वयाचा अटळ धर्मही नाही. ॲमेझॉनच्या जंगलात यानोमामी नावाचे लोक राहतात. त्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नसतंच. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक माणसांचा रक्तदाब आणि लघवीतलं सोडियम, म्हणजे खाल्लेल्या मिठाची खूण, तपासलं होतं. त्यात यानोमामींचा वरचा आकडा सरासरी शंभराच्याही खाली होता आणि वयाबरोबर तो वाढत नव्हता. २०१८ साली आणखी एक अभ्यास आला. यानोमामींच्या शेजारीच येक्वाना लोक राहतात, त्यांच्याकडे बाहेरचं जग, बाहेरचं अन्न काही प्रमाणात पोचलं आहे. त्यांच्यात मुलांपासूनच वयाबरोबर दाब चढताना दिसला. यानोमामींच्यात साठीपर्यंत तो चढला नाही. एकच जंगल, शेजारी राहणारी माणसं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अण्णांचा 'शंभर अधिक वय' आठवला.

धोका किती, तेही मोजलेलं आहे. २००२ साली ६१ अभ्यासांमधल्या दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. चाळीस ते सत्तरच्या दरम्यान वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने जास्त असेल, तर पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि ही चढण १४० पासून नाही, ११५/७५ पासूनच सुरू होते. म्हणजे अमुक आकड्याच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे आजारी अशी भिंत कुठेच नाही, चढ आहे. आपण खूण कुठे करायची एवढंच ठरवतो. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ साली ती खूण १३०/८० वर आणली. इतर अनेक ठिकाणी दवाखान्यात मोजलेला १४०/९० धरतात, घरी मोजलेला असेल तर १३५/८५. मोठ्या माणसाचा निरोगी रक्तदाब १२०/८० च्या आत, यावर मात्र फारसा वाद नाही. आणि हा आकडा पंचविशीला वेगळा, पंचाहत्तरीला वेगळा असा नाही.

'वयाच्या मानाने ठीक' या शब्दांनी मोठमोठी माणसं गेली आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेलं होतं. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मात्र या वयाच्या माणसाच्या मानाने प्रकृती उत्तम असल्याचं जगाला सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, वयाच्या ६३ व्या वर्षी. त्या दिवशीचा आकडा ३००/१९० लिहिलेला आहे. तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं, हेही खरं. रोज घेता येईल अशी, सोसणारी गोळी त्यानंतर तेरा वर्षांनी, १९५८ च्या सुमारास आली. आज ती आहे, आणि आपण तक्ता बघून ती बंद करतो.

वयाप्रमाणे रक्तदाबाचं मोजमाप खरोखर बदलतं असा एक काळ आयुष्यात आहे, आणि नेमका तोच आपल्या तक्त्यात नव्हता. तो म्हणजे लहानपण. नवजात बाळाचा वरचा आकडा पहिल्या दिवसांत साधारण ६० ते ७५ असतो. पुढे तो वाढत जातो, दहाव्या वर्षी शंभराच्या आसपास येतो. मुलांसाठी एक ठरलेला आकडा नसतो, त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि उंचीच्या मुलांशी तुलना करावी लागते. पाच वर्षांच्या मुलाचा ११८ हा आकडा कुणाही आईला छान वाटेल, कारण तिच्या डोक्यात १२० बसलेला असतो. पुन्हा पुन्हा तेवढाच भरला तर त्या वयाला तो जास्त आहे. मुलांच्या वॉर्डात असा एक मुलगा आठवतो, सहा वर्षांचा. डोकं दुखतं म्हणून दोन महिने चष्म्याचा नंबर शोधत फिरवला होता. दाब कुणी घेतला नव्हता, कारण 'एवढ्याशा पोराचं कसलं बीपी'. दुखणं मूत्रपिंडाचं निघालं. लहान मुलांत वाढलेल्या दाबामागे बऱ्याचदा मूत्रपिंड असतं, कधी जन्मतःच अरुंद असलेली महाधमनी. तेव्हा हाताचा दाब जास्त आणि पायाचा कमी येतो, म्हणून पायालाही पट्टा बांधून बघायचा. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा घ्यावा, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. तेराव्या वर्षापासून मोठ्यांचेच आकडे लागू होतात.

विशी-तिशीबद्दल थोडंच सांगते, पण त्यात दोन उलट्या चुका होतात. एक, १३८/८८ असलेला पंचवीस वर्षांचा तरुण. त्याला सगळे 'परीक्षेचा ताण असेल', 'झोप झाली नसेल' म्हणून घरी पाठवतात आणि पुन्हा कुणी मोजत नाही. याच मुलाच्या धमन्यांना पुढची पन्नास वर्षं तो दाब सोसायचा असतो. दुसरी, ९६/६० असलेली सडपातळ मुलगी. तिला चक्कर नाही, अंधारी नाही, धडधाकट आहे, तरी 'लो बीपी'चं लेबल लागतं आणि घरचे तिला मुद्दाम मीठ घालून पाणी पाजतात. त्रास नसेल तर तो आकडा तिचा आहे आणि चांगला आहे. त्याला औषध लागत नाही, मीठ तर नाहीच.

गरोदरपण हा असा काळ आहे, जिथे मी प्रत्येक घराला हात जोडून सांगेन की आकडे लिहून ठेवा. पोटात बाळ असताना मधल्या महिन्यांत आईचा रक्तदाब मुळापेक्षा खाली जातो आणि दिवस भरत येतात तसा परत पहिल्या जागी येतो. म्हणून नुसता आजचा आकडा बघून चालत नाही, तिचा स्वतःचा आधीचा आकडा हवा. नेहमी ९८/६० असणारीचा चौतिसाव्या आठवड्यात १३८/८८ झाला, तर तो १४०/९० च्या आत आहे म्हणून आम्ही निवांत बसत नसू, लवकर परत बोलावत असू. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० च्या वर गेला आणि लघवीत प्रथिनं उतरू लागली, की तो आजार आई आणि बाळ दोघांच्या जिवावर उठू शकतो. १६०/११० झाला तर उद्याची वाट बघायची नाही. डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, छातीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज, यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी दवाखाना.

आणि हे बाळंतपणाने संपत नाही. मला एक बाळंतीण कधी विसरता येणार नाही. तिसऱ्या दिवशी ती हसत घरी गेली, बाळाला मीच दुपट्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं होतं. पाचव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. घरच्यांना वाटलं जागरणाचं आहे, झोपू दिलं. संध्याकाळी फिट्स येत असताना तिला परत आणलं. दाब १७८/११२ होता. ती वाचली, पण तिला घरी सोडताना आमच्यापैकी कुणीच तिला सांगितलं नव्हतं, की बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांतच दाब सर्वांत वर जातो आणि सहा आठवडे हा धोका राहू शकतो. त्यानंतर माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक बाळंतिणीला मी हे सांगितलं, तिच्या सासूला आणि नवऱ्यालाही समोर बसवून. ज्यांचा दाब गरोदरपणी वाढला होता, त्यांना पुढच्या आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मूल मोठं झालं तरी वर्षातून एकदा त्यांनी तपासणी सोडू नये. पुढे पाळी बंद झाल्यावर बायकांचा दाब चढू लागतो, आणि तोवर 'बीपी हा पुरुषांचा आजार' म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं मोजलेलाच नसतो.

आता म्हातारपण, कारण तिथेच आपला तक्ता सर्वांत जास्त घसरला आहे.

तरुण माणसाची महाधमनी नव्या रबरासारखी असते. हृदयाने रक्त ढकललं की ती ताणते, हृदय सैल पडलं की आवळते आणि रक्त पुढे सारते. म्हणून वरचा आकडा फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. पन्नाशीनंतर हे रबर ताठ होत जातं. धक्का थेट बसतो, वरचा आकडा चढतो. आवळायची ताकद गेलेली असते, म्हणून खालचा उतरतो. माईंचा १५८/७४ हा असा म्हातारपणाचा नमुनेदार आकडा. 'खालचा चौऱ्याहत्तर आहे, म्हणजे उत्तम,' असं त्या म्हणाल्या. पन्नाशीपर्यंत खालच्या आकड्याला महत्त्व असतं, पुढे वरचाच बोलतो. नुसता वरचा वाढलेला असला तर उपचार करावेत का, हा प्रश्न पूर्वी खरोखरच होता. १९९१ साली साठीपुढच्या ४,७३६ माणसांवरच्या अभ्यासाने त्याचं उत्तर दिलं. उपचार घेतलेल्यांमध्ये पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. मग ऐंशीपुढच्यांचं काय? २००८ साली तोही अभ्यास आला, ऐंशी आणि त्यापुढच्या ३,८४५ माणसांचा. उपचारांनी पक्षाघात कमी झाले आणि मृत्यूही पाचाला एक या प्रमाणात घटले. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ९,३६१ लोकांत वरचा आकडा १२० च्या आत ठेवल्याचा फायदा १४० च्या आत ठेवण्यापेक्षा जास्त दिसला. मधुमेह असलेले आणि आधी पक्षाघात झालेले लोक त्यात घेतले नव्हते, शिवाय खूप खाली आणताना चक्कर आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीही काहींत वाढल्या, हे सांगायला हवं.

कारण दुसरी बाजू मी नऊ वर्षं वृद्धांच्या विभागात रोज पाहिली आहे. पलंगावरून उठल्याबरोबर दाब पडतो, आजी कोलमडतात, खुब्याचं हाड मोडतं. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब बसून घेतल्यावर उभं करून पुन्हा घ्यायचा. तीन मिनिटांत वरचा २० ने किंवा खालचा १० ने खाली आला तर ते डॉक्टरांना कळवायलाच हवं. खंगलेल्या, चार आजारांनी वेढलेल्या नव्वदीच्या माणसाला डॉक्टर १४५ वर समाधान मानतात, आणि ते योग्यच असतं. पण तो त्या एका माणसासाठी, त्याला तपासून, तोल सांभाळून घेतलेला निर्णय आहे. औषधाने कुठवर खाली आणायचं हे माणसागणिक बदलतं, निरोगी दाब कोणता ते बदलत नाही. तक्त्याने नेमकी हीच गल्लत केली आणि ऐंशीच्या ओळीत १७० छापला.

आता मोजण्याविषयी, आणि इथे मी आमच्याच लोकांचं चुकतं ते आधी सांगते. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या अंतराने असतात, म्हणजे त्यावर १३५ कधी दिसूच शकत नाही. नीट मोजलं तर शेवटी शून्य असलेला आकडा पाचांत एकदाच यावा. ओपीडीचं रजिस्टर मी एकदा बसून चाळलं होतं, पानंच्या पानं १२०/८०, १३०/८०, १२०/८०. गर्दीत आम्ही कानाने अंदाज घेत होतो आणि खालच्या शून्यावर टेकवत होतो. १३८ चा १३० झाला की एका माणसाचा उपचार राहून जातो. त्या दिवसापासून मी माझ्या हाताखालच्या मुलींना शेवटचा आकडा खरा लिहायला लावला, हळू काम झालं तरी चालेल म्हणून.

जिना चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधायचा नाही. पाच मिनिटं शांत बसू द्यायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर. बाही वर गुंडाळली आणि दंड आवळला तर चूक, बाहीवरून पट्टा बांधला तरी चूक, दंड उघडा हवा. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं, तुंबलेल्या लघवीने आकडा सहज दहाने चढतो. आणि बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही नाही. आम्ही सगळे 'काय म्हणताय, जेवलात का' विचारत दाब घ्यायचो, आणि त्या आपुलकीच्या चौकशीनेच आकडा वाढायचा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वीसनेही जास्त येऊ शकतो, लहान मुलाला मोठ्यांचा बांधला तर खोटाच कमी. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा घ्यावा, ज्या हाताचा जास्त तो पुढे धरावा. मिनिटभर थांबून पुन्हा घ्यावा. नाडी अनियमित असेल तर घरच्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये, कानाने ऐकून घ्यायला सांगावं.

एका आकड्यावर कुणाला आजारी ठरवू नये, तसंच निरोगीही ठरवू नये. काहींचा दाब दवाखान्यात पांढरा कोट दिसला की चढतो आणि घरी बरोबर असतो. काहींचं उलट असतं, दवाखान्यात छान आणि घरी, कामावर चढलेला. हे दुसरे जास्त धोक्यात, कारण ते कुणाला दिसतच नाहीत. म्हणून दंडाला बांधायच्या यंत्राने घरी सात दिवस सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. माझ्या मते कोणत्याही तक्त्यापेक्षा ती वही जास्त खरं सांगते. एकच अपवाद, १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं यांतलं काही असेल तर वही बाजूला ठेवून तातडीने दवाखाना गाठायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात तीस ते एकोणऐंशी वयाच्या सुमारे १२८ कोटी माणसांना उच्च रक्तदाब होता, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना तो आहे हे माहीतच नव्हतं. तो दुखत नाही, म्हणून. अण्णांना काहीही दुखत नव्हतं. ज्यांनी मोजलं आहे, ज्यांना कळलं आहे, त्यांना तरी आपण छापील कागदाने परत अंधारात ढकलू नये.

माईंना मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, उभं करून दाब घेतला, तो फारसा पडला नाही. तेव्हापासून आम्ही दोघी वही भरतो आहोत. कालपर्यंतची सरासरी १३६/७० आहे, गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला अजून थोडे आठवडे जातील.

माझी आपल्याला विनंती आहे की हे पत्र जागेअभावी कापावं लागलं तर अण्णांबद्दलचं कापा, पण दुरुस्ती छापा. मोठ्या माणसांसाठी सर्व वयांना एकच ओळ, निरोगी म्हणजे १२०/८० च्या आत. मुलांसाठी वय, लिंग आणि उंची बघून बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. गरोदर आणि बाळंतीण बाईचा १४०/९० झाला की त्याच दिवशी डॉक्टर. आणि चालू असलेली गोळी कोणताही तक्ता वाचून बंद करू नये, हे ठळक अक्षरात. त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच आकारात. माईंच्या फ्रिजवरचं जुनं कात्रण अजून तसंच आहे. काढा म्हटलं तर म्हणाल्या, "पेपरात दुसरं येऊ दे, मग त्या जागी लावते."

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका